जाकिटाचे सातशे ग्रॅम

वजनकाटे दुरुस्त करणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, ही घरातसुद्धा सगळं मोजूनमापून करत असणार. छे, तसलं काही नव्हतं. भाजीत मीठ ती अंदाजानेच टाकायची आणि तो अंदाज आठवड्यातून एकदा तरी चुकायचाच. पण एका बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. घरातल्या चौघांची वर्षातून एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासणी झालीच पाहिजे. कुणी नाक मुरडो, कुणी कामाचं निमित्त काढो, तिच्यापुढे कुणाची डाळ शिजायची नाही.

बाजारात तिला सगळे काटेवाली म्हणत. दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांचं नाव बाजाराने तोळेबुवा असं ठेवलं होतं, कारण दुरुस्त केलेल्या काट्यात जराही फरक राहिला तर त्यांना घास गोड लागत नसे. ती लग्न होऊन आली तेव्हा काट्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मुलगा छापखान्यात नोकरीला लागला आणि दुकानाकडे ढुंकून बघेना, तेव्हा तोळेबुवांनी सुनेलाच हाताशी धरलं. दांडी कशी तोलायची, गंज कसा काढायचा, पितळी वजनं कशी हाताळायची, सगळं शिकवलं. वजनं उघड्या हाताने धरायची नाहीत, बोटांच्या घामाने पितळ खराब होतं. मऊ कातड्याच्या तुकड्यात धरायची आणि पेटीतल्या मखमली खाचेत ज्याची त्याची जागा बघून ठेवायची. बारा वर्षांत ती इतकी तरबेज झाली, की आता म्हातारा दुकानात बसायचा तो नुसता येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेचं कौतुक सांगून भंडावून सोडायला.

तपासणीचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं, त्यालाही दुकानच कारण. दुकानदारांचे काटे दर वर्षी तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. एक वर्ष चुकलं तर चालत नाही. आणि आपण घरची माणसं मात्र बंद पडेपर्यंत तशीच वापरतो, असं ती म्हणायची. हे ती हसत हसत म्हणायची, पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

सहा वर्षांपूर्वी सासूबाई होत्या. तोळेबुवांना जुनी सवय, दर रविवारी गंमत म्हणून घरच्या सगळ्यांना पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर उभं करायचं आणि वजन वहीत लिहायचं. प्रत्येकाचं एक पान. एकदा सासूबाईंचं वजन थोडं कमी भरलं. पुढच्या रविवारी आणखी कमी. तोळेबुवांनी त्या आकड्यापुढे लिहिलं, 'काटा तपासणे', आणि दुपारभर बसून काटा उघडून साफ केला. मग पुन्हा वजन उतरलं, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा काटा उघडला. असं तीनदा. ज्या माणसाच्या हातून उभ्या बाजारात एक काटा कधी चुकीचा गेला नाही, त्याने स्वतःच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही. डॉक्टरकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. त्यावर घरात कुणी कधी बोललं नाही. रविवारचं वजन बंद पडलं. वही तेवढी राहिली, आणि काटेवाली ती चाळताना ते एक पान घाईने उलटायची.

पुढच्याच वर्षी तिने तपासणीचा बेत सुरू केला. शाळांना सुटी लागून बाजार जरा सुस्तावला, की जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ती तक्ता आखायची. चार ओळी : बाबा, अहो, बुटकी, मी. आडवे रकाने : वजन, रक्तदाब, रक्त, डोळे, दात. कुणी कधी कुठे जायचं, उपाशीपोटी की खाऊन, सगळं त्यात. बुटकी म्हणजे तिची चौदा वर्षांची मुलगी. ते नाव लहानपणी पडलेलं. आता पोरगी आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघते. 'अहो'चं रक्त नेहमी सकाळी पहिल्या नंबरला, कारण सुई दिसली की नवरोबांचा चेहरा पांढराफटक पडायचा आणि जितका वेळ थांबावं तितका अधिक पडायचा. बाबांच्या ओळीत दातांच्या रकान्यात फुली होती. तोळेबुवांनी पहिल्याच वर्षी ठणकावून सांगितलं होतं, "माझे दात लोखंडी आहेत. गंज चढला की सांगेन." तेव्हापासून दर वर्षी ती फुली जुन्या तक्त्यावरून नव्या तक्त्यावर जशीच्या तशी उतरत आली होती.

वजन मात्र घरीच व्हायचं. दवाखान्यातल्या काट्याला तोळेबुवा 'सांगोवांगी' म्हणायचे. डॉक्टरीणबाईही हसून म्हणायच्या, "तुमच्या घरचं वजन मी डोळे झाकून लिहून घेते." त्यामुळे तपासणीच्या आधीच्या रविवारी, चहाच्याही आधी, सगळे दुकानात हजर व्हायचे. घर मागे, दुकान पुढे, मध्ये एक दार, आणि दाराशेजारी तो मोठा काटा. माणसाने पाटावर उभं राहायचं, काटेवालीने दांडीवरचं वजन सरकवत न्यायचं, आणि दांडी मधोमध तरंगली की आकडा वाचायचा.

त्या रविवारी बुटकीचं वजन झालं. मग नवऱ्याचं. दोन किलो वाढलं होतं.

"काटा पुढे आहे वाटतं," नवरा म्हणाला.

"काटा जागेवर आहे, पोट पुढे आहे," बुटकी म्हणाली, आणि तोळेबुवा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

मग ते स्वतः पाटावर चढले. अंगात त्यांचं जुनं, तपकिरी लोकरीचं कामाचं जाकीट होतं, हत्यारं ठेवायला खोल खिसे शिवून घेतलेलं.

"बाबा, जाकीट काढा की."

"राहू दे. सकाळचा गारवा वाटतोय," तोळेबुवा म्हणाले. "सातशे ग्रॅमचं आहे जाकीट. वजा धर. उगाच खोटं नको."

दांडी तरंगली. जाकीट वजा जाता एकसष्ट किलो चारशे पन्नास. बुटकीने वहीत मागच्या वर्षीचा आकडा बघितला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर जसेच्या तसे. मागच्या वर्षीही चारशे पन्नासच."

"आहेच मुळी," आजोबा म्हणाले, आणि पाटावरून जपून उतरले. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, चहा झाला, रविवार आनंदात गेला. काटेवालीच्या मनात मात्र काहीतरी टोचत राहिलं. काय ते तिला कळेना. तोळेबुवा गेल्या काही महिन्यांत हळूहळू जेवायला लागले होते, पोळी दुधात बुडवून मऊ करून खायचे. विचारलं तर म्हणायचे, वयानुसार भूक कमी झालीय. जाकिटाच्या खिशात लवंगा असत, अंगाला त्यांचा वास येई. खोकल्यावर चांगली असते, असं सांगायचे. खोकताना तर त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी किराणावाल्याचा काटा दुरुस्तीला आला. तिने वजनांची पेटी उघडली, कातड्याच्या तुकड्यात दोन किलोचं वजन धरून उचललं आणि जागीच थबकली. वजनाला लवंगेचा वास येत होता. तिने ते नाकाजवळ नेलं. बुडाशी तपकिरी लोकरीचा एक धागा चिकटला होता. मग एक किलोचं उचललं. तोच वास. मग एकेक करून सगळी हुंगली. किराणावाला तोंडाकडे बघतच राहिला. दोनशे ग्रॅमच्या वजनाला वास होता. बाकी एकालाही नव्हता.

दोन, एक, आणि दोनशे ग्रॅम. तीन किलो दोनशे.

किराणावाल्याला तिने संध्याकाळी यायला सांगितलं आणि स्टुलावर बसून राहिली. मनात टोचत होतं ते काय, हे आता तिला कळलं. जिवंत माणसाचं वजन वर्षाने ग्रॅमला ग्रॅम तेवढंच कधी भरत नाही. हेही तिला म्हाताऱ्यानेच शिकवलं होतं : फार जुळलं तर संशय घ्यायचा, समजायचं की काटा कुठेतरी अडकलाय. दुसरा कुणी असता तर खिशात चार दगड टाकून मोकळा झाला असता, आणि आकडा थोडा मागेपुढे आल्यामुळे कुणाला पत्ताही लागला नसता. पण हे तोळेबुवा. लबाडी करतानाही हात अचूकच चालला. ती शनिवारी भाजी आणायला गेलेली असताना आधी गुपचूप वजन केलं असणार, मागच्या वर्षीचा आकडा बघितला असणार, आणि बरोबर हिशोबाने वजनं खिशात घातली असणार. वर आणि जाकिटाचे सातशे ग्रॅम प्रामाणिकपणे वजा करायला सांगितले. तिला हसू आलं आणि लगेच विरलं. माणूस एका वर्षात तीन किलोंनी उतरला होता आणि ते त्याला ठाऊक होतं.

नवरा छापखान्यात, बुटकी मैत्रिणीकडे. दुपारी बाजार पेंगायला लागला तेव्हा तिने दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि पेटी सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली.

"बाबा, दोन किलोच्या वजनाला काहीतरी लागलंय. बघता का?"

तोळेबुवांनी वजन बघितलं नाही. "पुसून ठेव," ते म्हणाले.

"पुसते. पण आधी खरं वजन सांगा."

म्हाताऱ्याने बाहेरच्या रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "अठ्ठावन्न. वर थोडं."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी आकडा उतरला. मग दवाखाना, मग मोठा दवाखाना." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "एकदा त्या रस्त्याला लागलं की परतायचं नाही, सूनबाई. मला इथं दुकानात बसायचंय. जेवढे दिवस आहेत तेवढे."

काटेवालीला राग आला. अगदी खराखुरा राग. या माणसाने तिला बाप म्हणून सगळं दिलं होतं आणि आता तो तिच्याच हाताने तिच्याच वहीत खोटा आकडा लिहून घेत होता.

"बाबा, सासूबाईंच्या वेळी तुम्ही काटा खोटा ठरवलात. आता काट्यालाच खोटं बोलायला लावलंत," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. त्या वेळी मी तुमच्या शब्दापुढे गप्प बसले. ते मला अजून खातं. आता मी गप्प बसणार नाही. तुम्ही मला हवे आहात, समजलं?"

तोळेबुवांनी मान खाली घातली. मग ते उठले, जाकीट काढून खुंटीला अडकवलं, चपला काढल्या आणि पाटावर जाऊन उभे राहिले. सदऱ्यातून त्यांच्या खांद्यांची हाडं किती वर आली होती ते तिला तेव्हा दिसलं. तिने दांडीवरचं वजन सरकवलं. अठ्ठावन्न किलो दोनशे पन्नास.

"वही आण," ते म्हणाले.

त्यांच्या दुकानात एक नियम होता. लिहिलेला आकडा चुकला तर खोडायचा नाही, गिरगटायचा नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची, म्हणजे चूकही दिसते आणि कबूल करणाराही दिसतो. तोळेबुवांनी रविवारच्या आकड्यावर रेघ मारली, खरा आकडा लिहिला आणि सही केली. रेघ सरळ आली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठून बापाजवळ जाऊन बसला. आणि गुरुवारी दवाखान्यात एक नवल घडलं. या खेपेला बाबांचा नंबर सगळ्यांत आधी ठेवला होता, म्हाताऱ्याने बाही वर करायला फार वेळ लावला, तेव्हा नवरोबा पुढे झाले. "आधी माझं घ्या," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि सुई टोचेपर्यंत बापाकडे बघत राहिले. चक्कर नाही की काही नाही. बुटकीने नंतर ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवली.

डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, रेघ बघितली, सही बघितली. तोळेबुवांना नीट तपासलं. पोट, छाती, मान. मग म्हणाल्या, "तोंड उघडा."

"दात लोखंडी आहेत," तोळेबुवा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आत बॅटरी मारली आणि एका जागी हलकेच बोट लावलं. म्हातारा खुर्चीतून वीतभर वर उडाला.

"किती दिवस दुखतंय हे?"

"झाले असतील सातआठ महिने," तोळेबुवा म्हणाले. "लवंग धरली की बरं वाटतं."

डाव्या बाजूच्या दोन दाढांच्या मुळाशी पू झाला होता. चावताच येत नव्हतं, म्हणून माणूस अर्धपोटी उठत होता. तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळे अहवाल आल्याशिवाय काही नक्की सांगणार नाही. शनिवारपर्यंत थांबायचं. ते दोन दिवस काटेवालीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. शुक्रवारी एका गिऱ्हाइकाला तिने दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा काटा देऊन पाठवलं. आत घरात गेली की भिंतीवरच्या तक्त्याकडे नजर जायची, त्या फुलीकडे. पाच वर्षं तिने सगळ्यांचं सगळं तपासून घेतलं होतं आणि नेमका तोच एक रकाना एका म्हाताऱ्याच्या बढाईवर सोडून दिला होता. तिने स्वतःला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

शनिवारी अहवाल आले. रक्त चांगलं, साखर चांगली, छातीच्या फोटोत काही नाही. डॉक्टरीणबाईंनी एकेक कागद दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "दाढा काढा आणि पोटभर जेवा. दोन महिन्यांनी वजन करून मला कळवा." काटेवालीने मान हलवली, बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. तोळेबुवा शेजारी उभे राहून तिच्या डोक्यावर थोपटत होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते, "काही नाही, काही नाही. माझी सून आहे."

दाढा निघाल्या. दातांच्या डॉक्टरांकडून म्हातारबुवा त्या कागदात बांधून घरी घेऊन आले आणि तडक सोनारांच्या छोट्या काट्यावर ठेवल्या. चार ग्रॅम भरल्या. "चार ग्रॅमनी माझे तीन किलो खाल्ले," असं ते पुढचे पंधरा दिवस भेटेल त्याला सांगत होते. किराणावाल्याला तर तीनदा सांगितलं. घरच्या तक्त्यावरची फुली बुटकीने रेघ मारून रद्द केली, तिथे तारीख लिहिली आणि आजोबांकडून खाली सही करून घेतली.

दोन महिने झाले. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, तोळेबुवा बिनजाकिटाचे पाटावर चढले. दोन्ही खिसे बाहेर उलटून दाखवले. सगळे हसले.

"लिही," ते म्हणाले. "आणि दर रविवारी लिहायचं. आता पुन्हा सुरू."

काटेवालीने वही उघडली. पानं चाळताना सवयीने ती ते एक पान घाईने उलटणार होती, पण आज तिथे काहीतरी नवं दिसलं म्हणून थांबली. सासूबाईंचं पान. सहा वर्षांपूर्वीचे उतरत गेलेले आकडे, आणि त्यांच्यापुढे तीनदा लिहिलेलं 'काटा तपासणे'. त्या तिन्ही ठिकाणी एकेक सरळ रेघ मारलेली होती. शेजारी ताज्या निळ्या शाईत, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'काटा बरोबर होता.' खाली सही.

तिने वर बघितलं. तोळेबुवा पाटावर उभे होते आणि मुद्दाम दांडीकडेच बघत होते.

"लिहितेस ना, सूनबाई?" ते म्हणाले. "साठ किलो शंभर."

"लिहितेय, बाबा," ती म्हणाली. तिने पान उलटून बाबांचं पान काढलं आणि आकडा लिहिला.